रनवे रिकामा दिसत होता, तरी विमान पुन्हा वर का गेलं?

खिडकीवाला

मंडळी, गेल्या आठवड्यातली गोष्ट. दिल्लीहून पुण्याला येत होतो. वाघोलीवरून खाली उतरतोय, डावीकडे खराडीच्या इमारती, नगर रोडवरची नेहमीची रांग, चाकं केव्हाच खाली आलेली. आता टेकणार म्हणून मी पायाखालची पिशवी सावरली, आणि एकदम इंजिनं गरजली. नाक वर, पोटात गोळा. शेजारच्या काकूंच्या मांडीवरचा पेठ्याचा डबा थेट माझ्या मांडीवर. वीस-पंचवीस मिनिटं फिरवून मग उतरवलं.

घोषणा झाली, 'रनवे क्लिअर नव्हता.' आता माझा प्रश्न. वर जाऊन वळलो तेव्हा मी खिडकीतून रनवे चांगला बघितला. अख्खा रिकामा! एक विमान बाजूच्या पट्टीवर निवांत चाललं होतं, बस. मागच्या रांगेतले एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, "एअरफोर्सवाल्यांनी अडवलं, दुसरं काय." बॅगांच्या पट्ट्यापाशी तर तीन वेगवेगळे सिद्धांत ऐकले.

रनवे 'रिकामा' म्हणजे नक्की कधी? हे कोण ठरवतं, कशावरून? जाणकारांनी सांगावं. (अजाणकारांनीही सांगावं, करमणूक होते.)

---

अर्धा_कटिंग

अजाणकार हजर! पुण्यात 'रिकामा' म्हणजे समोरचा अजून वळतोय आणि मागच्याने हॉर्न दिला आहे. विमानाला हॉर्न नसतो म्हणून वर जावं लागतं.

---

उजवी_सीट

मी विमान उडवतो (कंपनी विचारू नका). यातला घाबरण्याचा भाग आधी संपवतो. याला गो-अराउंड म्हणतात. आणीबाणी नव्हे. सिम्युलेटरमध्ये आम्ही याचा इतका सराव करतो की हात आपोआप चालतात.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल याचा अंदाज असा. तुमच्या पुढे एक विमान उतरलं. टॉवर तुमच्या पायलटला म्हणाला, "कंटिन्यू अप्रोच." म्हणजे येत राहा, पण उतरायची परवानगी अजून नाही. आमचं विमान शेवटच्या टप्प्यात साधारण १४० नॉटने येतं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. उतरायच्या जागेपासून दोन सागरी मैलांवर असलो तर हातात पन्नासेक सेकंद उरतात. तेवढ्यात पुढचा बाहेर पडला आणि परवानगी मिळाली तर उतरायचं. नाही मिळाली तर थ्रेशोल्ड ओलांडायचा नाही, वर जायचं. यात घासाघीस नाही.

आणि तुम्ही रनवे बघितलात तो वर जाऊन, वळून. तोवर मिनिटभर तरी उलटलं असणार. पायलटने ठरवलं त्या क्षणाचा रनवे तुम्ही पाहिलाच नाहीत.

---

धानोरीची

थ्रेशोल्ड म्हणजे?

---

उजवी_सीट

रनवेचा उंबरठा. जाड पांढऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी मारलेल्या असतात ना, पियानोच्या पट्ट्यांसारख्या, तिथे. मोठं विमान त्यावरून साधारण ५० फुटांवरून जातं.

---

निवृत्त_टॉवर

उंबरठा हा शब्द फारच चपखल. सगळा नियम त्या उंबरठ्याभोवतीच फिरतो.

मी हवाई दलात एटीसी, म्हणजे टॉवरमधून विमानांना परवानग्या देणारा कंट्रोलर होतो, आता वारज्यात भाजी निवडतो. लोहगावला, म्हणजे या पुण्याच्या विमानतळावरही काही वर्षं काढली. 'एअरफोर्सवाल्यांनी अडवलं' हे ऐकून हसू आलं. लोहगाव हा हवाई दलाचाच तळ आहे, टॉवरमध्ये हवाई दलाचाच कंट्रोलर बसतो, नागरी टर्मिनल हा त्यातला एक कोपरा. तेव्हा अडवलं तरी तेच आणि उतरवलं तरी तेच.

आता नियम. जगभर आधार धरतात तो आयकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) दस्तऐवज ४४४४. त्यात सांगितलं आहे की उतरणाऱ्या विमानाने उंबरठा ओलांडायच्या आत पुढचं उतरलेलं विमान रनवेबाहेर गेलेलं असावं. पुढचं विमान उडणारं असेल तर त्याने रनवेचं पलीकडचं टोक पार केलेलं असावं किंवा वळायला सुरुवात केलेली असावी.

यात एक बारकावा आहे आणि चुकतं ते तिथेच. कंट्रोलरला परवानगी द्यायची असते तेव्हा रनवे रिकामा असलाच पाहिजे असं नाही. विमान उंबरठ्यावर येईल त्या क्षणी तो रिकामा असेल, अशी वाजवी खात्री हवी. म्हणजे आम्ही पुढच्या अर्ध्या मिनिटाबद्दल शब्द देत असतो. फक्त त्याला एक अट आहे: दोन विमानं एकामागून एक येत असतील तर पहिल्याने उंबरठा ओलांडेपर्यंत दुसऱ्याला 'क्लिअर्ड टू लँड' म्हणायचं नाही.

आणि 'बाहेर' म्हणजे कुठे? रनवेचा डांबरी काठ नव्हे. टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेला जोडणाऱ्या विमानांच्या रस्त्यावर, एक पिवळी खूण असते, दोन अखंड रेघा आणि दोन तुटक. मोठ्या रनवेवर, जिथे इन्स्ट्रुमेंटने उतरतात, ती मध्यरेषेपासून ९० मीटरवर असते. संपूर्ण विमान त्या खुणेपलीकडे गेलं की मगच रनवे सुटला. पायलट बसतो नाकात. एअरबसचं ए३२१ साडेचव्वेचाळीस मीटर लांब. पायलटला वाटतं मी बाहेर आलो, आणि शेपूट अजून मागे.

म्हणजे खिडकीवाले, तुमच्या पुढच्या विमानाची कदाचित फक्त शेपूट राहिली असेल. जाता जाता विमान पुढच्या वळणावर थबकलं, की झालं.

---

अर्धा_कटिंग

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते हेच होय!

---

ओहायोहून

माफ करा, पण यात आपल्याकडे जरा जास्तच सोवळं पाळतात असं माझं मत. इथे अमेरिकेत मी हौशी पायलट आहे, छोटं एक इंजिनाचं विमान भाड्याने घेऊन उडवतो. इथे टॉवर सरळ सांगतो, "नंबर टू, क्लिअर्ड टू लँड." माझ्या पुढचा अजून हवेतच असतो! परवानगी आधीच हातात, पुढच्याकडे बघत या. रेडिओवरची बडबड वाचते, गर्दी पटापट निपटते.

शिवाय दिवसा, अंतराच्या खुणा दिसत असतील तर पुढचा रनवेवर असतानाही मागच्याला उतरू देतात. माझ्यासारखी छोटी विमानं असतील तर ३,००० फूट अंतर पुरतं, जरा मोठ्या गटाला ४,५०० फूट. उडणाऱ्याच्या मागे उतरताना दोघांपैकी एक जेट असेल तर ६,००० फूट.

---

निवृत्त_टॉवर

ओहायोहून, आकडे बरोबर. पण उतरलेल्या जेटच्या मागे जेट उतरत असेल तर तुमच्या अमेरिकेतही पुढच्याने रनवे सोडलाच पाहिजे. ३,००० आणि ४,५०० फुटांची सवलत छोट्या गटांनाच.

आणि असली सवलत आयकाओतही आहे बरं का. दिवसा, दृश्यता निदान ५ किलोमीटर, ढग ३०० मीटरच्या खाली नकोत, मागून वारा ५ नॉटपेक्षा जास्त नको, अशा अटींवर. पहिल्या गटातल्या हलक्या विमानाला पुढचं हलकं विमान ६०० मीटर पुढे गेलेलं चालतं, दुसऱ्या गटाला १,५०० मीटर, आणि बाकी सगळ्यांना, म्हणजे आपल्या एअरबस-बोइंगना, २,४०० मीटर. पुढचं विमान चालतं असलं पाहिजे आणि मागे न वळता बाहेर पडणारं असलं पाहिजे.

आता गंमत बघा. लोहगावचा रनवे किती लांब? २,५३५ मीटर. त्यात २,४०० मीटर पुढे गेलेला म्हणजे शेवटच्या १३५ मीटरात पोचलेला! कागदावर सवलत आहे, पण पुण्यात ती वापरून मिळणार काय? तेवढ्यात तो बाहेरच पडतो.

---

धानोरीची

मंगल कार्यालयाच्या भाषेत सांगू का? आमच्या घराजवळच्या कार्यालयात सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक अशी दोन लग्नं असतात. अमेरिकेत संध्याकाळच्या पार्टीला सकाळीच किल्ली देऊन ठेवतात, 'आधीचे गेले की शिरा' म्हणून. आपल्याकडचा मॅनेजर दारात उभा राहून आधीच्यांचं शेवटचं पातेलं बाहेर जाताना बघतो, मग किल्ली देतो. बरोबर?

---

निवृत्त_टॉवर

ताई, जवळजवळ बरोबर. आपला मॅनेजर आधीची वरात आत शिरल्याशिवाय दुसऱ्यांना किल्लीचं नाव काढत नाही. ती शिरली, पंगती उठल्या, पातेली निघाली असं दिसलं की तो दुसऱ्यांना 'या' म्हणू शकतो, पातेली बाहेर पडायच्या थोडं आधीही.

इंग्लंडात तिसराच प्रकार. तिथे 'लँड आफ्टर' म्हणतात. दिवसाउजेडी, रनवे पुरेसा लांब, पुढच्याला रनवेवर मागे फिरायचं नाही, आणि मागच्या पायलटला पुढचा सतत स्पष्ट दिसतोय. मग टॉवर म्हणतो, त्याच्या मागे उतरा. तेव्हा अंतराची जबाबदारी पायलटची. म्हणजे किल्ली देतानाच सांगितलं, कुणाला धक्का लागला तर बघून घ्या तुमचं तुम्ही.

---

ओहायोहून

तरी माझा मुद्दा राहतोच. आधी परवानगी दिली म्हणून पायलट डोळे मिटून उतरत नाही. पुढचा अडकला तर आम्हीही वर जातो.

---

उजवी_सीट

दिसत असेल तर. ४ फेब्रुवारी २०२३, ऑस्टिन, टेक्सास. पहाटेचं दाट धुकं. फेडएक्सचं ७६७ इन्स्ट्रुमेंटवर उतरत होतं, उतरायची परवानगी हातात. त्याच रनवेवर टॉवरने साउथवेस्टच्या ७३७ ला उड्डाणाची परवानगी दिली, निघेल लगेच या हिशोबाने. त्याला वेळ लागला. टॉवरला धुक्यात रनवे दिसत नव्हता. शेवटी फेडएक्सच्या पायलटांनीच समोरचं विमान ओळखलं, वर गेले, आणि वर जाता जाता रेडिओवर त्या विमानाला थांबायला सांगितलं. दोघांत २०० फूटसुद्धा अंतर उरलं नव्हतं.

म्हणजे 'वाजवी खात्री' कंट्रोलरच्या डोक्यात होती, रनवेवर नव्हती. आधीपासून हातात असलेल्या परवानगीची भानगड हीच, की नंतर काही बदललं तरी ती तोंडी तशीच उभी राहते. 'कंटिन्यू' म्हटलेल्या पायलटचे कान मात्र टवकारलेले असतात, कारण त्याला अजून काहीतरी मिळायचं बाकी असतं. मला स्वतःला 'कंटिन्यू' आवडतं.

---

पिवळी_रेघ

आपल्याकडे तरी कुठे सोवळं आहे? ८ जून २०२४, मुंबई. एअर इंडियाचं तिरुअनंतपुरमला निघालेलं विमान अजून जमीन सोडतंय, आणि मागे त्याच रनवेवर इंदूरहून आलेलं इंडिगो टेकलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. वरच्या नियमाने पहिल्याने टोक पार करायला हवं होतं ना?

---

निवृत्त_टॉवर

हवं होतं. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, चौकशी लावली आणि संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला ठेवलं. त्यापलीकडे मी बोलणार नाही, कारण मी त्या खुर्चीत नव्हतो.

फक्त त्या खुर्चीचा हिशोब सांगतो. मुंबईत एका रनवेवरून ताशी ४६ पर्यंत उड्डाणं-उतरणं करत आले आहेत. ३,६०० सेकंदांना ४६ ने भागा. अठ्ठ्याहत्तर. दर ७८ सेकंदांना एक विमान वर किंवा खाली. दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एक उडणारा घुसवायचा. त्या उडणाऱ्याने रनवेवर आल्यावर पाच-दहा सेकंद रेंगाळ केली तर शिल्लक किती राहते ते बघा. आम्ही त्याला 'गॅप' म्हणायचो. गॅप छोटी झाली की दोनच वाटा, उडणाऱ्याला थांबवायचं नाहीतर येणाऱ्याला वर पाठवायचं. तिसरी वाट म्हणजे मनात 'होईल' म्हणणं. ते 'होईल' फार वाईट.

---

धानोरीची

काका, तुमचं कधी असं झालं होतं का? राग मानू नका.

---

निवृत्त_टॉवर

राग कसला. झालं नाही, पण होता होता राहिलं. तळाचं नाव सांगत नाही, पुणे नव्हे.

पावसाळ्यातले दिवस, रनवेलगतचं गवत गुडघाभर. ट्रॅक्टर गवत कापत होता. ट्रॅक्टरवाल्याकडे रेडिओ नाही, सोबत एक जीप असायची, तिच्यात रेडिओ. टॉवरमध्ये प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, ती पट्ट्यांच्या फळीत सरकवायची. रनवेवर गाडी गेली की तिथे एक लाल पट्टी आडवी ठेवायची. ती दिसली की कुणाला परवानगी द्यायला तोंड उघडायचंच नाही.

माझी पाळी संपली. मी पुढच्याला सगळं सांगून खाली उतरलो, चहा घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, परत वर गेलो, चष्म्याचं घर राहिलं होतं. बघतो तर लाल पट्टी फळीच्या खाली जमिनीवर. कुणाच्या तरी कोपराने उडाली होती. आणि पुढचा कंट्रोलर मायक्रोफोन उचलत होता. मी ओरडलो नाही, नुसतं खिडकीकडे बोट केलं. ट्रॅक्टर रनवेच्या अगदी काठाला लागून, जीप रनवेवर. येणारं विमान अजून चार मैलांवर होतं. त्याला 'कंटिन्यू' सांगितलं, जीपला हाकललं, आणि विमान व्यवस्थित उतरलं. कुणाला काही कळलंही नाही.

मला शिकवणारे वॉरंट ऑफिसर म्हणायचे, "बटण दाबायच्या आधी मान फिरव." रनवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्याने बघायचा, प्रत्येक वेळी, मग बोलायचं. त्या दिवशी पुढच्याने मान फिरवली नव्हती.

---

उजवी_सीट

लॉस एंजेलिस १९९१ आठवलं. कंट्रोलरने एका छोट्या मेट्रोलायनरला रनवेवर मधल्या जोडापाशी उभं केलं आणि कामाच्या धबडग्यात विसरली. अंधार पडलेला. मागून यूएसएअरच्या ७३७ ला उतरायची परवानगी दिली. ते थेट त्याच्यावर उतरलं. ३५ जण गेले.

आणि २ जानेवारी २०२४ चं हानेदा. तिथे उलटं. जपान एअरलाइन्सच्या ए३५० ला उतरायची रीतसर परवानगी होती. तटरक्षक दलाच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंतच, म्हणजे रनवेबाहेर थांबायच्या जागेपर्यंतच जायला सांगितलं होतं, त्यात 'नंबर वन' (उडायच्या रांगेत पहिले) हे शब्द होते. त्यांच्या कॅप्टनला वाटलं रनवेवर जायचं आहे. साधारण चाळीस सेकंद ते विमान रनवेवर उभं होतं. ए३५० मधले सर्व ३७९ बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच गेले. परवानगी देताना रनवे खरंच रिकामा होता, दिलेला शब्द नंतर मोडला.

---

पिवळी_रेघ

रनवेवर विमानच असलं पाहिजे असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात दाबोळीला भटकं कुत्रं रनवेवर दिसलं म्हणून विस्तारा कंपनीचं विमान परत बंगळुरूला गेलं. आणि २००० साली पॅरिसमध्ये काँकॉर्डने काय चिरडलं? आधी उडालेल्या विमानातून पडलेली एक धातूची पट्टी. ११३ मृत्यू.

---

निवृत्त_टॉवर

म्हणून सांगतो, लढाऊ विमानांच्या तळावर 'रिकामा' या शब्दाला आणखी एक अर्थ असतो. सुखोई उतरल्यावर मागे पॅराशूट उघडतो, वेग मारायला. ते नंतर ठरलेल्या जागी सोडून द्यायचं, माणसं पळत जाऊन गोळा करतात. पण कधी ते चुकीच्या जागी सुटलं, वाऱ्याने फरफटत रनवेवर आलं, की तुमचं दिल्लीचं विमान येऊ देणार कसं? एवढं मोठं कापड इंजिनात गेलं तर! रनवेवर एकही विमान नाही, एकही गाडी नाही, आणि तरी रनवे बंद. खिडकीतून कुणालाही रिकामाच दिसेल.

याशिवाय गोळी लागलेल्यासारखा पडलेला पक्षी. तो उचलेपर्यंत थांबायचं. घारी का येतात ते वाघोलीच्या कचऱ्याला विचारा. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला विमान नियमावलीतला नियम ९१ मनाई करतो. १९३७ पासूनची नियमावली. वाचली किती जणांनी, देव जाणे.

---

अर्धा_कटिंग

पुण्याचं २०२० चं जीपचं प्रकरण कुणी काढलं नाही अजून.

---

उजवी_सीट

काढतो. १५ फेब्रुवारी २०२०, एअर इंडियाचं ए३२१, पुण्याहून दिल्लीला. उड्डाणाच्या धावेत वेग साधारण १२० नॉट, आणि समोर जीप आणि एक माणूस. पायलटने ठरलेल्या वेगाच्या आधीच नाक उचललं आणि विमान जीपवरून नेलं. शेपटीचा खालचा भाग रनवेला घासला. विमान दिल्लीला सुखरूप उतरलं, शेपटीवर खुणा होत्या. त्या वेगात थांबायचा प्रयत्न केला असता तर जीप वाटेतच होती.

थोडक्यात, उडतानाही तोच प्रश्न, फक्त तिथे गो-अराउंड नसतो.

---

औरंगपुरा

अवांतर वाटेल, पण आमच्या गावाची आठवण निघतेच. २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ औरंगाबादहून मुंबईला निघालं. रनवे रिकामाच होता. पण रनवेच्या पुढे बीड रोड, आणि रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक. उचलायला उशीर झालेलं विमान त्याला धडकलं. ११८ पैकी ५५ गेले. माझे वडील तेव्हा त्याच रस्त्याने स्कूटरवर कामाला जायचे. त्या दिवशी रजेवर होते. आमच्या घरात अजून 'रजेचा दिवस' म्हटलं की तोच.

---

धानोरीची

बाप रे.

(बराच वेळ काही सुचलं नाही लिहायला.)

विषयावर येते. धुक्यात काय करतात? डिसेंबर-जानेवारीत सकाळी आमच्याकडे समोरची इमारत दिसत नाही.

---

उजवी_सीट

धुक्यात नियम आणखी कडक होतात. रनवेच्या टोकाला एक अँटेना असतो, त्याचा रेडिओ संकेत आम्हाला मध्यरेषेवर धरून ठेवतो. पुढचं विमान रनवेबाहेर पडलं तरी त्या संकेताच्या पट्ट्यात असेल तर संकेत वाकडा होऊ शकतो. म्हणून पुढच्याला आणखी लांब जाऊ देतात आणि दोन विमानांतलं अंतर वाढवतात. सकाळी धुक्यात तुमचं विमान उशिरा येतं त्यातलं काही याचंही.

---

खिडकीवाला

मंडळी, मीच मूळ प्रश्न विचारला आणि चार दिवस गायब. क्षमस्व. सगळं वाचलं. काकूंच्या पेठ्याबद्दल कुणी विचारलं नाही याचा निषेध. (डबा फुटला नाही.)

रविवारी एक उद्योग केला. धानोरीत मित्राची गच्ची आहे. भाच्याला घेऊन गेलो, मोबाइलवर स्टॉपवॉच. गच्चीवरून रनवे अर्धाच दिसतो, मध्ये झाडं. पण विमान बाहेर वळताना शेपटीचा उभा पंखा झाडांवरून सरकताना दिसतो.

---

पिवळी_रेघ

फोटो काढले असतील तर इथे डकवू नका. हवाई दलाचा तळ आहे.

---

खिडकीवाला

नाही काढले. शेजारच्या आजोबांनी आधीच दम दिला होता.

तर सांगतो. भाच्याचं काम शेपटी दिसेनाशी झाली की 'गेला' म्हणून ओरडायचं. माझं काम मागच्याचे दिवे बघायचं. पहिल्या जोडीला 'गेला' आणि मागचा उतरणं यात मिनिटभर मोकळं. दुसऱ्या जोडीला ३१ सेकंद. आणि त्या ३१ सेकंदांत माझ्या छातीत धडधड! वर्षानुवर्षं विमानात बसतोय, पण हे अंतर बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या विमानातल्या एकालाही काही कळलं नसेल, बॅगा काढायच्या घाईत असतील.

तिसरी जोडी मोजता आली नाही. दोन सुखोई एकापाठोपाठ उठले, गच्चीवरचे पापड थरथरले, भाच्याने कान दाबले, आणि 'गेला' म्हणायचं राहून गेलं. निवृत्त_टॉवर काका, दोन सुखोई अगदी जोडीने उठले तर ते एक धरायचे की दोन?

---

निवृत्त_टॉवर

फॉर्मेशन असेल, म्हणजे ठरवून जोडीने उडत असतील, तर टॉवरच्या दृष्टीने एकच विमान. पण दोघांनीही टोक पार केल्याशिवाय मान फिरवून झाली असं समजायचं नाही.

पुढच्या रविवारी मलाही बोलवा. दुर्बीण माझी, पापड तुमचे.